राखलेला किनारा, राखलेलं रान : वेळास ते संगमेश्वर

शुक्रवार : पुणे ते वेळास

ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून गोरेगाव, आंबेतला सावित्रीवरचा पूल, पलीकडे म्हाप्रळ आणि मग मंडणगड. मार्चच्या सुरुवातीला या वाटेवर पांगारे आणि काटेसावरी पानं टाकून नुसत्या फुलांवर उभ्या असतात. भाची खिडकीला चिकटून बसली होती. ती दहा वर्षांची आहे आणि कासवं बघायचा हट्ट मूळ तिचाच.

माझा हट्ट थोडा वेगळा होता. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी किरकोळ आहे. डोंगरावर दिसणारं बहुतेक रान कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं. कुंपण नाही, फलक नाही, पहारा नाही. तरीही या पट्ट्यात महाधनेश घरटं करतो, शेकरू झाडांवरून उड्या मारतं, किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. हे राखतं कोण, कशाच्या बळावर आणि कुठवर, हे जवळून बघावं म्हणून कासवांच्या जोडीनं संगमेश्वरची रानंही कार्यक्रमात घातली.

वेळासला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव दोन टेकड्यांच्या मधे, नारळी-पोफळीच्या सावलीत. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, त्यांचा अर्धपुतळाही इथं आहे. हॉटेल नाही. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. आमच्या वहिनींनी ओटीवर गाद्या घातल्या, पाण्याचा तांब्या ठेवला आणि पहिली सूचना दिली ती अशी : "उद्या सहाला निघा. टॉर्च चालेल, पण किनाऱ्यावर नाही."

शनिवार : वेळासचा किनारा

गावातून किनारा बराच आत आहे. खाडीवरचा छोटा पूल ओलांडायचा, सुरूच्या बनातून चालायचं, मग वाळू लागते. झुंजुमुंजू होत होतं. पुढं एका चौकोनाला जाळीचं कुंपण आणि आत रांगेनं उपड्या ठेवलेल्या टोपल्या. हीच हॅचरी, अंडी जपून उबवायची जागा.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर दीडेक फूट खोल खड्डा करते, वर तोंड अरुंद आणि खाली पोट रुंद. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालून, वाळू लोटून, आपल्याच अंगानं ती दाबून पुन्हा पाण्यात निघून जाते. पिल्लांची तोंडओळख तिला कधीच होत नाही. पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातला माणूस, किनारा पालथा घालतो. वाळूवर तिच्या पुढच्या वल्ह्यांचा माग असतो. येतानाचा एक, जातानाचा एक. दोन्ही जिथं मिळतात तिथं घरटं. अंडी काही तासांच्या आत उचलावी लागतात आणि उचलताना फिरवायची नसतात. मग हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून ती पुन्हा पुरतात. अंडं टेबलटेनिसच्या चेंडूएवढं असतं, कवच मऊ, बोटानं दाबलं तर खळगा पडेल असं.

कासवमित्रानं पहिली टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली, तिथंही वाळू. तिसरीखाली मात्र काळपट राखाडी पिल्लांची गर्दी, एकमेकांच्या पाठीवरून चढणारी, डोळ्यांच्या पापण्यांवर वाळूचे कण. त्यानं एकेक मोजून घमेल्यात ठेवलं. एकवीस. वहीत आकडा लिहिला आणि घमेलं घेऊन तो पाण्याच्या दिशेनं चालू लागला.

दोन बाजूंना दोऱ्या बांधलेल्या होत्या. लोक दोरीबाहेर. पिल्लं लाटेपासून काही पावलांवर ओल्या वाळूत सोडली. काही लगेच निघाली, काही दम खात थांबली. एक लाटेत गेलं, फेसाबरोबर उताणं होऊन परत आलं. भाची दोरीखालून वाकली, तसा कासवमित्र म्हणाला, "हात लावू नको गं बाळा. त्याला ही वाळू आपल्या पायानं चालू दे. मादी मोठी झाली की अंडी घालायला याच भागात परत येते. उचलून पाण्यात टाकलंस तर तिला ही ओळख राहणार नाही." ते पिल्लू सुलटं झालं, पुन्हा चालू लागलं. तिसऱ्या लाटेनं नेलं. भाचीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. इतर वाजवत होते.

हजारांत एखादंच पिल्लू मोठं होतं असं सांगतात. मग एवढ्या खटाटोपाला अर्थ काय, असं मीच विचारलं. कासवमित्रानं शांतपणे उत्तर दिलं, "माझ्या आज्यानं ही अंडी खाल्लीत. विकलीतही. कोल्हे, कुत्री उकरायची ती वेगळीच. तेव्हा हजार पिल्लं समुद्रात जातच नव्हती ओ."

ही गोष्ट २००२ सालापासून बदलत गेली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी या किनारपट्टीवर समुद्रगरुडाच्या घरट्यांची नोंद करत फिरत होते. वेळासला त्यांना वाळूत अंड्यांची फुटकी कवचं दिसली. चौकशी केल्यावर घरटी लुटली जातात हे कळलं. त्याच हंगामात गावातल्याच लोकांना बरोबर घेऊन राखण सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ५० घरटी राखून अडीच हजारांहून अधिक पिल्लं समुद्रात गेली. जे अंडी शोधण्यात तरबेज होते, तेच राखणदार झाले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. माग ओळखायचं ज्ञान त्यांच्याकडे होतंच, फक्त त्याला दुसरं काम मिळालं.

२००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला आणि मग हे काम संस्थेचं न राहता गावाचं झालं. पाहुणे येऊ लागले, घराघरांत जेवणावळी होऊ लागल्या. आमच्या वहिनी दुपारी केळीच्या पानावर भात-आमटी, फणसाची भाजी आणि सोलकढी वाढताना सांगत होत्या, "आमचे हे मुंबईला होते. परत आले. हंगामाचे दोन-अडीच महिने घर भरलेलं असतं. निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या, नारळ गेले. त्या वर्षी पाहुणेसुद्धा नव्हते. पण कासवं आली." ३ जून २०२० च्या त्या वादळानं श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या बागा झोपवल्या. पोफळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे काही घरांचं उत्पन्न अजून पूर्ण सावरलेलं नाही.

गर्दीबद्दल मात्र लिहायलाच हवं. शनिवार असल्यानं संध्याकाळी किनाऱ्यावर खूप माणसं होती. पिल्लं दोनच निघाली. दोन पिल्लांसाठी एवढी माणसं दोरीला रेटून उभी, वर हात करून मोबाईल धरलेले. एकाचा फ्लॅश उडाला. पिल्लू उजेडाच्या दिशेनं जातं, कारण मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यांत उजळ बाजू समुद्राचीच असते. ते क्षणभर वळलं. कासवमित्रानं आवाज न चढवता फोन खिशात ठेवायला लावला. मला वाटतं, एका वेळी किती माणसं दोरीपर्यंत जातील याला मर्यादा असावी, आणि ती पाहुण्यांनी आपणहून मागावी. या महोत्सवामुळे किनारा राखला गेला हे खरं आहे, पण म्हणून कासवापेक्षा महोत्सव मोठा होऊन चालणार नाही.

पिल्लं सोडून झाल्यावर हॅचरीतल्या पाट्या वाचल्या. प्रत्येक घरट्यापुढे तारीख, अंड्यांची संख्या आणि मूळ जागा. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू गरम असेल तर लवकर. नर की मादी हेही वाळूचं तापमान ठरवतं. गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. ऊन वाढत चाललंय, तर सगळी पिल्लं माद्याच निघायची भीती आहे. म्हणून काही ठिकाणी हॅचरीवर सावली करतात, आणि शक्य असेल तिथं घरटं मूळ जागीच ठेवून राखायचा विचारही आता होतो. मला दुसरा मार्ग अधिक पटतो. मात्र त्यासाठी संपूर्ण किनाऱ्यावर रात्रीचा पहारा लागेल, आणि तेवढी माणसं कुठून आणायची हा खरा प्रश्न.

रात्री देवळाच्या मंडपात माहितीपट दाखवला. २०२२ च्या जानेवारीत इथल्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला होता. तिचं नाव प्रथमा. अंजर्ले आणि गुहागरलाही माद्यांना टॅग लावले गेले. पश्चिम किनाऱ्याची कासवं अंडी घालून जातात कुठं, हे तेव्हा पहिल्यांदा नकाशावर दिसू लागलं. पुढची गोष्ट त्याहून नवलाची आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, असं आपण धरून चाललो होतो. एवढ्यानं ते खोटं ठरलं असं नाही, पण गुहागरची राखण गुहागरपुरती नसते हे नक्की झालं. भाचीनं नकाशावर बोट ठेवून भारताला वळसा घातला, श्रीलंकेखालून.

रविवार : हर्णै, मग चिपळूण

पहाटे पुन्हा किनाऱ्यावर. सगळ्या टोपल्या रिकाम्या. असं होतं. वर्तक, जोशी, खान, पाटील असे वेगवेगळ्या गावांहून आलेले लोक हिरमुसून परतले. खरं तर रिकाम्या टोपल्यांच्या दिवशी किनारा नीट बघता येतो. खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी, चिखल्यांचे थवे, आणि वर एक समुद्रगरुड.

केळशी, अंजर्ले करत हर्णैला आलो. बंदरावर लिलाव संपत आला होता. जाळं विणत बसलेल्या एका दादांना कासव अडकतं का, असं विचारलं. "अडकतं की. आधी काय, जाळं वाचवायचं. आता कापतो." समुद्रातल्या संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. राज्य सरकारनं २०१८ मध्ये ही योजना आणली. फोटो लागतात, अर्ज लागतो. दादा म्हणाले, पैसे यायला वेळ जातो, पण येतात. जाळ्याची किंमत, दिवसाची बुडालेली मासळी आणि कासव, या तिन्हींचा हिशेब त्यांनी आमच्यासमोर सहज मांडला. भाषण कुणी दिलं नाही.

दापोली, खेड, चिपळूण हा प्रवास नेहमीचा. महामार्गावर ऊन रणरणत होतं. चिपळूणला मुक्काम.

सोमवार : संगमेश्वर तालुक्यातली देवराई

चिपळूणहून सावर्डे, आरवली करत संगमेश्वर, तिथून आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाधनेशाच्या घरट्यामुळे तसं ठरलंय, उद्याच्या भागात कळेल.

या तालुक्यात देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, पुष्कळ. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था १९९० च्या दशकापासून इथं काम करते. त्याआधी १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवरायांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा कुठं शहरातल्या शिकलेल्या लोकांना कळलं की गावाबाहेरचं ते गच्च झाडोऱ्याचं ठिकाण म्हणजे मूळच्या जंगलाचा शिल्लक तुकडा आहे.

गुरवकाका आम्हाला घेऊन गेले. वाट कातळावरून. पायाखाली तापलेला जांभा, आजूबाजूला करपलेलं गवत. आणि मग एका पावलात सावली. चपला बाहेर काढल्या. आत पानांचा जाड थर, ओलसर. किंजळ, ऐन, सातवीण, नाणा. भेर्ली माड वरपर्यंत सरळ गेलेला. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला आणि त्याला हातभर लांब शेंगा लोंबत होत्या. एक शेंग खाली पडली होती. भाचीनं ती उचलायच्या आधी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "बघ. पण घेऊन जाऊ नको. इथलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही."

मोडलेली फांदी तिथंच कुजते. देवळाच्या कामाला लाकूड हवं असेल तर देवाला कौल लावतात. मूर्तीला ओले तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. "डावी पडली तर?" मी विचारलं. "नाही तोडायचं. मग पुढच्या साली परत विचारायचं." कौलाकडे श्रद्धा म्हणून बघा किंवा नका बघू, पण एक झाड तोडण्याआधी अख्खा गाव एकत्र जमतो, सगळ्यांसमोर विचारतो आणि नकार मिळाला तर वर्षभर थांबतो, अशी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. कुठल्याही परवानगीच्या कागदापेक्षा ती कडक आहे.

राईच्या खालच्या अंगाला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आहे. मार्चमध्येही पाणी वाहतं होतं. धार बारीक होती, पण अखंड होती. खालच्या वाडीची विहीर त्याच्यावर. वाडीतल्या बायका देवाच्या आधी या पाण्याचं सांगतात.

सातबाऱ्यावर मात्र इथं 'महाराष्ट्र शासन' असं लिहिलेलं आहे. कोकणातल्या अनेक देवरायांचं असंच आहे. जमीन सरकारची, वहिवाट गावाची. "कागद त्यांचा, देव आमचा," काका म्हणाले. वहिवाट कागदावर नाही, म्हणून कुणी रस्ता काढायला आला तर गावाला हक्कानं अडवता येत नाही, हा खरा कच्चा दुवा.

दुसरा धोका बाहेरचा नाही, आतलाच आहे. जीर्णोद्धार. पूर्वी कौलारू देऊळ, चार खांब, मातीची जमीन. आता मुंबईचे चाकरमानी भक्तीनं वर्गणी जमवतात आणि सिमेंटचा सभामंडप, फरशा, पेव्हर ब्लॉक, गाडी थेट दारात यावी म्हणून रुंद वाट. आम्ही पाहिलेल्या राईत मंडपासाठी पूर्वेकडची झाडं गेली आहेत. तिथून ऊन आत येतं आणि त्या बाजूला रानमोडी माजली आहे. देवावरच्या प्रेमापोटी देवाचं रान कमी व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मला कळतंय. पण वर्गणी देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?" त्या गावात आता एक चांगली सुरुवात झालीय. शाळेची मुलं दर पावसाळ्यात राईतल्या झाडांची यादी करतात, बिया गोळा करण्यासाठी आधी देवाला आणि मानकऱ्यांना विचारतात आणि रोपं राईच्या कडेला लावतात. मंडप आणखी वाढवायचा विषय निघाला तेव्हा गावसभेत ती यादी वाचली गेली. मंडप वाढला नाही.

मंगळवार : खासगी रान

एकाच पऱ्ह्याच्या दोन बाजू. समोरचा डोंगर उघडा. फूट-दीड फुटावर तोडलेली खोडं, मधे लाकूड ओढून नेल्याच्या वाटा, खाली ट्रक यायला खरवडलेला रस्ता. अलीकडचा डोंगर हिरवा. दोन्ही खासगी. अलीकडच्या रानाचे एक मालक आमच्याबरोबर होते, सत्तरीचे काका, हातात कोयती.

त्यांनी सगळा व्यवहार उलगडून सांगितला. डोंगरावरची वरकस जमीन. पूर्वी नाचणी-वरी व्हायची. आता माणसंच गावात नाहीत. मग रान वाढतं. दहा-पंधरा वर्षांनी लाकडाचा व्यापारी येतो, उभं रान एकरकमी ठरवतो. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचं ऑपरेशन असतं. हिस्सेदार मुंबईला, त्यांना रोख बरी वाटते. तोड होते, लाकूड भट्ट्यांना आणि कारखान्यांच्या बॉयलरला जातं. ऐन-किंजळ बुंध्यातून पुन्हा फुटतात, पण जुना बेहडा, जुना आंबा एकदा गेला की गेला. "लोक म्हणतात व्यापारी वाईट," काका म्हणाले, "अहो, अडीनडीला त्याच्याशिवाय येतं कोण?"

या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय रान राखा असं कुणालाही सांगायचा आपल्याला अधिकार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

एक उत्तर करारातून निघालं. संस्था रानमालकाशी ठरावीक मुदतीचा करार करते. मालकी मालकाचीच. तोडायचं नाही, जाळायचं नाही, वाळकं सरपण आणि रानमेवा घ्यायचा. बदल्यात मोबदला, कधी रोख, कधी वाडीच्या गरजेच्या कामातून. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशननं या तालुक्यात असे करार केले आहेत. काकांच्या रानाचा करारही याच धर्तीचा.

आमच्या बरोबरचा तरुण कार्यकर्ता अमेरिकेतल्या लँड ट्रस्टबद्दल सांगत होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली चार्ल्स एलियट यांच्या पुढाकारानं ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स ही संस्था उभी राहिली, सुंदर जागा विश्वस्त म्हणून कायमच्या सांभाळायला. पुढं तिकडं आणखी एक रीत रुळली. जमीन मालकाकडेच राहते, पण बांधकामाचा किंवा तोडीचा हक्क तो नोंदणीकृत दस्तानं सोडून देतो आणि ते बंधन जमिनीबरोबर चालतं. जमीन विकली, वाटणी झाली, तरी पुढचा मालक बांधलेला. इथला करार मुदतीचा असतो. मुदत संपली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. काकांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायमचं लिहून द्यायला मला एकट्याला विचारून कसं चालेल? सातबाऱ्यावर आम्ही सात जण आहोत."

बेहडा चढावर होता. दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत येईना. पानगळ झालेली, शेंड्याला तांबूस कोवळी पालवी. खाली करड्या मखमली सालीची फळं अजून विखुरलेली. त्रिफळा चूर्णातलं हे एक फळ. पूर्वी बेहड्याला किंमत नव्हती. लाकूड हलकं, खोक्यांना जायचं. मग संस्थेनं फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र मिळवण्याचं काम हाती घेतलं. म्हणजे फळं किती घ्यायची, किती प्राण्यांसाठी सोडायची, कशी वाळवायची, गोळा करणाऱ्याला किती मिळायचं, याचे नियम. इंग्लंडमधल्या पक्का हर्ब्ज या हर्बल चहाच्या कंपनीनं असा माल घ्यायला सुरुवात केली. झाड उभं राहिलं तर दर वर्षी पैसे. तोडलं तर एकदाच.

आणि या झाडाच्या ढोलीत महाधनेशाची मादी बसलेली होती.

आम्ही लांब, पालापाचोळ्याच्या आडोशाला बसलो. ढोलीच्या तोंडावर राखट लेप आणि त्यात उभी फट, दोन बोटांएवढी. मादी आत शिरते आणि आपली विष्ठा लिंपून दार आतून बंद करते. अंडी, पिल्लं, पिसं झडणं, सगळं आत. आठवडेच्या आठवडे नरानं खाऊ घालायचं. नराला काही झालं तर आतल्यांचं अवघड. म्हणूनच गावाचं नाव लिहीत नाही. कॅमेरेवाल्यांची रीघ लागली तर नर घरट्याकडे फिरकत नाही.

तासाभरानं आवाज आला. पंखांचा, दरीपलीकडून. पक्षी दिसायच्या कितीतरी आधी तो ऐकू येतो. मोठा काळा-पांढरा पक्षी, पिवळी चोच, वर शिरस्त्राण. आधी शेजारच्या झाडावर बसला, मान वाकडी करून सगळीकडे बघितलं. मग ढोलीला बिलगला. गळ्यातून एकेक उंबर चोचीच्या टोकाला आणायचा, फटीत द्यायचा. फटीतून आतल्या चोचीचं टोक दिसायचं आणि उंबर नाहीसा व्हायचा. भाची ओठांनी मोजत होती. बावीसपर्यंत मोजलं, मग तिचा हिशेब चुकला. नर उडाला तेव्हा काका हळूच म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळेपासून याच ढोलीत."

हे बेहडे नसतील तर एवढी मोठी ढोली मिळणार कुठं? नवं लावलेलं झाड तिथवर यायला माणसाचं आयुष्य पुरायचं नाही. वृक्षारोपणाचे कार्यक्रम आपण उत्साहानं करतो, करावेतच. पण जुनं झाड मालकाच्या गरजेतून सोडवून घेणं याला जो पैसा आणि वेळ लागतो, तो द्यायला फार थोडे लोक पुढं येतात. देणगी द्यायची असेल तर मी तिथं देईन.

बुधवार : जाळरेषा आणि परतीची वाट

सकाळी सहाला वाडीतली माणसं कोयत्या, फावडी आणि ओल्या फांद्या घेऊन रानाच्या वरच्या कडेला जमली. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणव्याची भीती. कुणी काजूच्या बागेत पालापाचोळा जाळतं, कुणी सड्यावरचं गवत पेटवतं, कुणी विडी टाकतं आणि वारा ती आग राखलेल्या रानात आणतो. म्हणून कडेनं दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा करायचा. संध्याकाळी वारा पडल्यावर, माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून, काढलेलं गवत जाळून टाकायचं. आम्ही दुपारपर्यंत गवत ओढत होतो. करारात हे काम मालकांकडे आहे, पण गावात राहणारे मालक दोनच. म्हणून शेजारच्या वाडीतली, रानात एक गुंठाही नसलेली माणसं आली होती. त्यांची गुरं इथं चरतात, विहिरीचं पाणी इथून येतं. कोणत्याही दस्तात या माणसांचं नाव नाही.

निघताना काकांनी करार दाखवला. प्लास्टिकच्या पिशवीत, सातबारा आणि लाइटबिलांबरोबर. मुदत या पावसाळ्यात संपते. नूतनीकरणासाठी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील आणि सगळे एकत्र भेटायचा प्रसंग एकच, शिमगा. पालखी घरी आली की मुंबईहून सगळे येतात. धाकट्या पुतण्याला डोंबिवलीत घर घ्यायचंय. त्याच्याकडे व्यापाऱ्याचा आकडा आलेला आहे आणि तो कराराच्या मोबदल्यापेक्षा बराच मोठा आहे. संस्थेनं बेहड्याचा दर आणि वर्षाचा मोबदला एकत्र मांडून दहा वर्षांचा हिशेब करून दिलाय. तो कागदही त्याच पिशवीत आहे.

आम्ही साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे पुण्याला आलो. बैठक पालखीच्या दुसऱ्या दिवशी आहे. सात सह्यांपैकी पाच नक्की आहेत, असं काका म्हणाले.